सर्जेरावाचा फिल्टर

दुपारची जेवणं आटोपून अनसूयाबाई सोप्यात चटईवर कलंडतात. झोप अशी त्यांना हल्ली लागत नाही. डोळा लागतो, सुटतो, परत लागतो. वरचा पंखा एका फेरीआड कुरकुरतो. परसातून पाण्याचा आवाज येतो आहे, चुबुक, चुबुक. तिथं त्यांची नात संयोगिता घमेल्यात साबणाचं पाणी घेऊन बसली आहे आणि तिच्या शर्यतीच्या मोटरसायकलचा एअर फिल्टर धुते आहे.

उद्या रविवारी माळावर शर्यत आहे. डांबरी रस्त्यावरची नव्हे, मातीतली. उंचवटे, खड्डे, उड्या आणि वर लाल धुळीचा लोट. असल्या धुळीत इंजिनाला श्वास घ्यायचा तर त्याच्या नाकाशी फोमची एक टोपी लागते, तेल लावलेली. हवा आत जाते, धूळ तेलाला चिकटून बाहेर राहते. अनसूयाबाईंना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. भाकरीचं पीठ बोटाला जेवढं कळतं तेवढा त्यांना हा फिल्टर कळतो.

सकाळी संयू तोच फिल्टर घेऊन आजोबांकडे गेली होती.

“आजोबा, ह्याची कड जरा बघा की. एका बाजूनं दबलीया असं वाटतंय.”

रंगरावांनी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही. “मला काय कळतंय त्यातलं. मी गिरणीवाला माणूस.”

“अख्खं उद्यमनगर म्हणतंय, रंगराव मिस्त्रीसारखा हात न्हाई म्हणून.”

“म्हणत होतं.”

“मग उद्या नुसतं बघायला तरी या. कडेला उभं राहा. हात लावू नका कशाला.”

रंगराव उठले, पेपरची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडता पडता कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, “माझा हात चांगला न्हाई, पोरी.”

संयू मग आज्जीकडे वळली. बावीस वर्षांची घोडी, पण डोळे भरले होते. “त्यांना मी आवडत न्हाई का माझी गाडी आवडत न्हाई, तेवढं एकदा विचारून सांग मला.”

“विचारते,” अनसूयाबाई म्हणाल्या होत्या. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. उत्तर त्यांच्यापाशीच होतं, एक्केचाळीस वर्षं.

चुबुक, चुबुक. पंखा कुरकुरतो. डोळा लागतो.

“वैनी, कुणाचं धुणं काढलंय एवढं?”

परसात संयू नाही. धुण्याच्या दगडाशी सर्जेराव उकिडवा बसला आहे. अंगात बिनबाह्यांची बनियन, कानाला ग्रीस, आणि वय चोवीसच. रंगरावांचा धाकटा भाऊ. अनसूयाबाई लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा सासू नव्हती आणि हा दीर नऊ वर्षांचा होता. त्या त्याला रीतीप्रमाणे भावजी म्हणायच्या, अहोजाहो करायच्या, आणि त्याच अहोजाहोत त्याला न्हाऊ घालायच्या. “भावजी, कान पुढं करा,” असं म्हणून कानाला धरायच्या.

तो गेलेला आहे हे त्यांना स्वप्नातही ठाऊक आहे. पण ते आत्ता काढणं बरं दिसणार नाही, असं त्यांना वाटतं.

“भावजी, वाळलाय.”

“तुमच्यासारखी भाकरी कुणी थापत न्हाई तिकडं.”

“तोंड तेवढं तसंच हाय.”

“तुमचंबी. केस मातूर सगळे पांढरे की वो. दादानं छळलं काय?”

“ते कुणाला छळत्यात. स्वतःला सोडून.”

सर्जेराव हसत नाही. तो घमेलं त्यांच्याकडे सरकवतो. घमेल्यात रॉकेल आहे आणि रॉकेलात तो पिवळा फोम. गादीवाल्याकडून आणलेला, ब्लेडनं कापलेला, कडेला कडा लावून चिकटवलेला. त्या काळी असला फिल्टर बाजारात कुठं मिळायचा. मिळाला तरी ह्यांच्या ऐपतीचा नव्हता. सर्जेराव रात्रंदिवस खपून तो घरीच करायचा, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं धुवायचा. त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही. रंगरावांनाही नाही. इंजिन दादाचं, नाक माझं, असं म्हणायचा.

“धरा,” तो म्हणतो. “असा तळव्यात घ्यायचा. दाबायचा. सोडायचा. परत दाबायचा.”

“ठावं हाय मला.”

“ठावं हाय तर दाबा.”

त्या दाबतात. बोटांच्या फटीतून लाल पाणी येतं. परत दाबतात, परत लाल. घमेलं भरतं, ओसंडतं, दगडावरून खाली वाहतं.

“कुठवर धुऊ?”

“पाणी नितळ येईस्तोवर.”

नितळ येत नाही. पाणी परसाच्या कडेला जातं, तिथं भिंत असायला हवी ती नाही, आणि लाल पाणी जिथवर पोचतं तिथवर माळ आहे. धुण्याचा दगड माळावरच्या उंचवट्यावर आहे. खाली दोरी बांधलेली आहे आणि दोरीपलीकडे माणसं बसली आहेत, गुडघ्यावर जेवणाचे डबे उघडून, लग्नाच्या पंगतीला बसावं तशी. कुणी जेवत नाही. बांबूला बांधलेला भोंगा एकच वाक्य सांगतो आहे, देवळातल्या वर्गणीची नावं सांगावीत त्या आवाजात.

“तेल कमी पडलं. तेल कमी पडलं.”

“बंद करा की ते,” अनसूयाबाई म्हणतात.

“माझ्या हातात न्हाई,” सर्जेराव म्हणतो.

भोंग्याचं हेच वाक्य तेव्हा सगळ्यांनी म्हटलं होतं. सर्जेरावाच्या गाडीत पेट्रोल आणि तेल एकत्र मिसळून घालायचं असे. तेल कमी पडलं की पिस्टन तापून जाम. शर्यतीच्या सकाळी तेल मोजायची मापी फुटलेली निघाली, आणि रंगरावांनी तेल अंदाजानं ओतलं. तिसऱ्या फेरीत उडी मारून गाडी खाली आली, इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि सर्जेराव फेकला गेला. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनवर खोल ओरखडे होते. फिल्टर जागेवर नव्हता. पडताना उडून गेला असेल, म्हणाले, आणि पुढं कुणी शोधला नाही. एक जाणता मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, तेल कमी पडलं. रंगराव तिथंच खाली बसले. महिन्याभरात त्यांनी गॅरेज विकलं आणि पिठाची गिरणी घातली. त्यानंतर पान्याला हात म्हणून लावला नाही. घरातला नळ गळला तरी बाहेरचा माणूस बोलवायचे.

उंचवट्यावर दगडाशेजारी अनसूयाबाईंची शिलाई मशीन उभी आहे. तिची चाकं कुणी न फिरवता फिरतात.

“भावजी, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांगा की. मला कुठं जायचंय.”

“त्या शनवारी तुम्ही नंबराची पाटी रंगवायला बसला होता. मला म्हणालासा, वैनी, आजच्या दिवस एवढा फिल्टर धुऊन ठेवा.”

“व्हय. पहिल्यांदाच सांगितलं होतं कुणाला.”

“माझ्यापुढं चादरींचा ढीग होता.”

सर्जेराव वाट बघतो. दोरीपलीकडची माणसंही वाट बघतात. त्यांच्या डब्यांतलं पाणी लाल होत चाललं आहे.

त्या दिवशी सहा चादरी पिळून झाल्या होत्या. सातव्यांदा हातात फोम आला आणि मनगटांनी त्यांना माहीत होतं तेच केलं. पीळ घातला. चिकटवलेला सांधा ‘चट्’ असा सुटला. अनसूयाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. नऊ वर्षांच्या पोराला वाढवणारी बाई, त्यानं पहिल्यांदा विश्वासानं दिलेली वस्तू फाडून बसली होती. सांगायचं तोंड होईना. फोम वाळल्यावर त्या मशीनवर बसल्या आणि काळ्या दोऱ्यानं सांधा शिवून टाकला. बारीक टाका घातला, खणाच्या चोळीला घालतात तेवढा बारीक. आपली शिवण कधी उसवत नाही, ही त्यांची ख्याती होती. वरून तेल चोळलं, कडेला ग्रीस फासलं. टाके दिसेनात.

फोमला जेवढी छिद्रं पडतील तेवढा तो कच्चा होतो, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. टपालाच्या तिकिटांना असतात तशी छिद्रांची ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं पाडली होती. टेम्पोतून गाडी घरी आली, घर माणसांनी भरलेलं होतं, आणि दिवेलागणीला त्या एकट्याच परसात गेल्या. गाडीवर टाकलेल्या पोत्याखालून हात घालून फिल्टर काढला. तो त्या ओळीवर अलगद दोन तुकडे होऊन हातात आला. आत इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत तळव्याला लागेल एवढी धूळ होती. पिस्टन जाम झाला तो ह्या धुळीनं, तेलानं नव्हे. अंघोळीच्या बंबात त्यांनी तो घातला. कसला वास येतोय, आतून कुणीतरी विचारलं. जुनी चप्पल, त्या म्हणाल्या.

“टाके घातले मी,” त्या एवढंच म्हणतात. “मी पिळला, फाटला, मग टाके घातले.”

मशीन थांबते. सर्जेराव फोम उलटा करून सांध्यावरून बोट फिरवतो.

“दिसले होते मला.”

“काय?”

“बसवताना बोटाला लागले. ग्रीस पुसून बघितलं. हसूच आलं. म्हटलं, वैनीनं फिल्टराला चोळी शिवली.”

अनसूयाबाईंच्या पायाखालचा उंचवटा मऊ होतो, गादीसारखा. “मग लावलासा कशाला?”

“दुसरा कुठं होता? आणि तुमची शिवण. उसवंल असं वाटलंच न्हाई.”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही सांगायचं तरी.”

तो हे रागानं म्हणत नाही. म्हणूनच ते त्यांना सोसत नाही. त्या पदर तोंडाला लावतात, आणि त्यांच्या मनात येतं की चाळीस वर्षांत आपण हे वाक्य किती वेळा रचलं असेल. तो म्हणेल, दिसले होते मला. तो म्हणेल, माझ्याच मर्जीनं लावला. भांडी घासताना, देवपूजेला बसताना.

“भावजी, खरं सांगा. हे तुम्ही बोलताय का मीच तुमच्याकडनं वदवून घेतेय?”

“मला काय ठावं,” सर्जेराव म्हणतो. “मेलेल्या माणसाला कुणी सगळं सांगत बसत न्हाई, वैनी.”

“मग मला कसं कळायचं?”

“न्हाई कळायचं.”

तो उठतो. चड्डीला हात पुसतो, लहानपणी पुसायचा तसेच, आणि त्या नेहमीसारखं ओरडायला जातात आणि ओरडत नाहीत.

“रागावलाय काय माझ्यावर?”

“ते नंतर बघू. दादा कुठाय?”

त्या उंचवटा उतरून जायला लागतात आणि उतार म्हणजे गिरणीच्या पायऱ्या आहेत. पट्टा फिरतो आहे. धूळ पांढरी झाली आहे, ती पीठ आहे, ते सगळीकडून हलकं हलकं खाली येतं आहे. जात्याच्या तोंडाशी रंगराव बसले आहेत. वय चाळीसच्या आसपास, पण केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. त्यांच्यासमोर पेट्रोलचा डबा आहे आणि हातात तेलाची बाटली. ते ओतताहेत. डबा केव्हाच भरला आहे. बाहेरून तेल ओघळून पायऱ्यांवर आलं आहे, पिठात मिसळून त्याचा चिकट लगदा झाला आहे, आणि रंगराव डब्यात वाकून बघतात आणि म्हणतात, “अजून थोडं.”

“अहो,” अनसूयाबाई म्हणतात.

“अजून थोडं. मघाशी कमी पडलं.”

“कवापास्नं चाललंय हे?” त्या सर्जेरावाला विचारतात.

“मी पडल्यापास्नं. मी रोज येतो, रोज सांगतो, दादा बास. ऐकतच न्हाई.” सर्जेरावाचा आवाज आता पहिल्यांदा नऊ वर्षांच्या पोराचा येतो. “मला बघतच न्हाई तो. डब्यातच बघतोय. तुम्ही सांगा की, वैनी.”

“काय सांगू?”

“तुम्हाला ठावं हाय काय सांगायचं ते.”

“ते मला घरात ठेवायचे न्हाईत.”

“न ठेवंना.”

“एक्क्याऐंशीचे झालेत. ह्या वयात ऐकून काय करायचंय त्यांनी. चार वर्षं राहिल्यात. सुखानं जाऊ द्या.”

“हे सुख हाय?” सर्जेराव म्हणतो.

रंगराव ओततात. बाटली रिकामी होत नाही. त्यांचं मनगट सुजलेलं आहे, आणि अनसूयाबाईंना दिसतं की त्या चाळीस वर्षं ह्याच माणसाला जेवायला वाढत आल्या, शेजारी झोपत आल्या, आणि हे ओतणं त्यांनी रोज बघितलं आणि रोज तोंड फिरवलं. आपला अपराध त्यांनी लपवला होता एवढंच त्या धरून चालल्या होत्या. तो त्यांनी दुसऱ्याला उचलायला दिला होता, हे त्यांनी स्वतःला कधी म्हटलं नव्हतं.

त्या बोलायला तोंड उघडतात. पीठ आत जातं. जीभ पिठानं जड होते, टाळ्याला चिकटते. परत उघडतात, अजून जातं. भोंगा गिरणीतही आहे. तेल कमी पडलं, तेल कमी पडलं.

“असं न्हाई,” सर्जेराव म्हणतो. “हितं बोलून उपयोग न्हाई. हितं कुणाला ऐकू येत न्हाई.”

तो डब्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि तसाच निथळता हात काढून त्यांचं मनगट पकडतो. गार, पेट्रोल हाताला लागतं तसलं गार, हाडापर्यंत जाणारं.

“उठा, वैनी.”

अनसूयाबाई उठतात.

पंखा बंद आहे, वीज गेली आहे. अंगाला घाम आहे आणि एकट्या उजव्या मनगटाला गारवा. चार वाजत आले असावेत. परसात दोरीवर सावलीत संयूचा फिल्टर टांगलेला दिसतो, नवा, निळा, एकसंध. संयू घरात नाही. गाडी न्यायला टेम्पो ठरवून येते म्हणाली होती.

त्या मनगट डोळ्यांजवळ धरतात. पेट्रोल उडून गेल्यावर कातडी पांढुरकी पडते तशी तिथली कातडी पांढुरकी आहे, चार बोटांच्या रुंदीएवढी, आणि तिच्यावर तेलाचा पातळ थर चमकतो आहे. त्या पदरानं पुसायला जातात आणि पुसत नाहीत.

चपलांचा आवाज येतो. रंगराव आत येतात, टोपी खुंटीला लावतात आणि मध्येच थांबतात. नाकपुड्या हलतात.

“वास कसला येतोय गं?”

“कसला?”

“संयूनं कायतरी सांडलं काय?” ते वास घेत घेत पुढं येतात, चटईपाशी वाकतात, आणि कित्येक वर्षांत धरला नसेल असा बायकोचा हात धरतात. अंगठ्यानं तिच्या मनगटावरचं घेतात. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळतात, हळू, डोळे मिटून. गॅरेजात दिवसातून दहा वेळा ते असं चोळून बघायचे. मापी नसली तरी चालायचं त्यांना.

“तेल घातलेलं पेट्रोल हाय हे,” ते म्हणतात. “विसाला एक. बरोबर हाय तेल.” आणि मग, डोळे उघडून, “पण हे आपल्या घरात कुठनं आलं? पोरीच्या गाडीत तर नुसतं पेट्रोल पडतंय.”

अनसूयाबाईंची जीभ कोरडी आहे, पण हलते.

“त्या दिवशीबी बरोबरच होतं,” त्या म्हणतात.

रंगरावांचं बोट अंगठ्यावर थांबतं. मनगट अजून त्यांच्या हातात आहे, आणि ते किती वेळ तिथं राहील हे अनसूयाबाईंना माहीत नाही.

“बसा हितं माझ्यापाशी,” त्या म्हणतात. “फिल्टर मी धुतला होता.”